काळ्याखेरीज रंग नाही

शहाद्याहून लोणखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडवर पाटी होती: "शेगड्या मिळतील. रंग विचारू नये." पाटी पांढरी आणि अक्षरे निळी होती, तेव्हा मालकाला रंगांचे वावडे होते असे म्हणता येणार नाही. वावडे होते ते ग्राहकाच्या पसंतीचे.

मी तेथे पत्रव्यवहार पाहण्यासाठी नोकरीस लागलो. पत्रव्यवहार म्हणजे एकाच पत्राची पुनःपुन्हा उत्तरे. धुळ्याचा किंवा दोंडाईच्याचा व्यापारी लिही की माल उत्तम आहे, खप बरा आहे, हिरव्या रंगात मिळाल्यास अधिक खपेल. मी उलट लिहीत असे की हिरव्या रंगात मिळणार नाही. इतकी सुबोध नोकरी मला पुढे कोठे मिळाली नाही.

मालकांना सारे शेठ म्हणत. ते तापीकाठच्या गुजर शेतकरी घराण्यातले. भावांनी कापूस आणि केळी पाहिली. हे लोखंडाच्या नादी लागले. त्याचे कारण भरीत. खानदेशात थंडीच्या दिवसांत वांग्याचे भरीत हा समारंभच असतो. शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, टोपलीभर वांगी त्यात लोटायची, आणि निम्मी जळालेली व निम्मी कच्ची बाहेर काढून एकमेकांच्या पाकसिद्धीची स्तुती करायची, अशी रीत होती. शेठना ही रीत अव्यवस्थित वाटली. त्यांनी चार पायांची, खाली विस्तवाचे तबक आणि वर लोखंडी जाळी असलेली, अंगणात ठेवण्याची शेगडी तयार केली. लहान आकार घरासाठी आणि खाटेएवढा पंगतीसाठी. आकार दोन, रंग एक.

काळा रंग ते स्वतः शिजवत. डांबर, जवसाचे तेल आणि काजळी यांचे प्रमाण त्यांच्या मनात असे, आणि ते तेथून कधी बाहेर आले नाही. रंग दिलेली शेगडी भट्टीत भाजून निघे. हे सगळे करताना त्यांच्या अंगावर पांढरे स्वच्छ धोतर असे व त्यावर ठिपका पडत नसे. कामगारांचे कपडे मात्र शेगडीच्याच रंगाचे असत. यावरून कारखान्यात काम कोण करतो, असा प्रश्न एका पाहुण्याने विचारला होता. त्या पाहुण्याला चहा मिळाला नाही.

कोणाच्याही घरी गेले की यजमानाला नमस्कार करण्याआधी ते मागल्या दारी जाऊन चूल पाहत. चुलीवरून माणसाची परीक्षा होते, असे त्यांचे मत होते. विस्तव फुंकणारा माणूस उतावळा. राख न काढणारा माणूस लबाड. या कसोटीवर तालुक्यातले बहुतेक प्रतिष्ठित लोक नापास झाले होते. म्हसावदकडून एक पावरा आदिवासी कोळसेवाला येई, त्याच्यावर मात्र त्यांचा विशेष लोभ. तो डोंगरातून कोळसा आणी, गोणी उतरवी, भाकरी खाई आणि जाई. त्याने शेगडीच्या रंगाविषयी कधी चौकशी केली नाही. शेठ त्याला तालुक्यातला सर्वांत समजदार माणूस म्हणत. त्यांचे दोघांचे बोलणे दहा शब्दांपलीकडे गेलेले मी ऐकले नाही. कदाचित समजदारपणाचे गमक तेच असावे.

मला ते मास्तर म्हणत. मी कोणाला काही शिकवलेले नव्हते. मला शाळेतली मराठी बोलता येते, एवढ्यावरून ही पदवी मला मिळाली.

काळाच रंग का, याची कारणे शेठ ग्राहक पाहून देत. शेतकऱ्याला सांगत की काळ्या वस्तूला नजर लागत नाही. शाळेतल्या शिक्षकाला सांगत की काळा रंग उष्णता धरतो. व्यापाऱ्याला सांगत की पाच रंग केले तर पाच ढीग लावावे लागतात, आणि गिऱ्हाईक मागतो तोच ढीग संपलेला असतो. सासुरवाशिणीला सांगत की काळ्यावर काजळी दिसत नाही, म्हणून सासू बोलत नाही. एका मामलेदाराला त्यांनी सांगितले की तसा सरकारी नियम आहे. मामलेदाराने मान डोलावली.

ही सारी कारणे आपापल्या जागी बरोबर होती, नियमाचे सोडून. पण खरे कारण एवढेच की लोखंड तापले म्हणजे त्यावरचा रंगही शिजतो. दारे-खिडक्यांना लावण्याचा रंग विस्तवासाठी केलेला नसतो. लाल तपकिरी होऊन काळा पडतो, हिरवा शेणासारखा दिसू लागतो, पांढरा आधी पिवळा पडतो आणि मग त्याला फोड येतात. शिवाय त्याला वास येतो आणि तो वांग्यात उतरतो. काळा तेवढा होता तसाच राहतो, कारण त्याला याहून वाईट होण्यास वाव नसतो. परवा माझ्या पुतण्याने गच्चीवर ठेवण्यासाठी मोठ्या दुकानातून झाकणाची एक शेगडी आणली, आणि एवढे पैसे देऊन रंग काळाच मिळाला अशी तक्रार केली. नोकरी सुटली तेव्हाच त्या प्रश्नाला उत्तर देण्याचे माझे कर्तव्य संपले.

सुरतेहून एकदा रंगाच्या कंपनीचा एजंट आला. रेल्वेने नंदुरबारपर्यंत आणि पुढे धूळ खात शहाद्यापर्यंत. त्याच्या पेटीत पत्र्याच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर वेगळा रंग. गुलाबी होता, मोरपिशी होता, आंब्याच्या कोयीसारखा एक होता. तो जिभेवर साखर ठेवल्यासारखा बोलत होता. शेठनी त्याला खुर्ची दिली, पट्ट्या हातात घेतल्या, प्रत्येकीचे कौतुक केले, आणि पापड मांडावेत तशा त्या पेटत्या शेगडीच्या जाळीवर मांडल्या. वर चहाचे भांडे ठेवले. एजंट हसला, त्याला वाटले ही इकडची आतिथ्याची पद्धत असावी. चहा झाला, ओतला, त्याने अर्धा प्याला. मग शेठनी चिमट्याने पट्ट्या उतरवून त्याच्यापुढे ओळीने ठेवल्या.

"आते यामा हिरवा कोनता व्हता, दखाडा," ते म्हणाले.

एजंटाने पट्ट्यांकडे पाहिले. मग पट्ट्या मागच्या बाजूने पाहिल्या. उरलेला चहा त्याने घेतला नाही. जाताना शेठनी त्याला जेवणाचा आग्रह केला, तो मनापासून होता. वादात हरलेल्या माणसावर ते नेहमी प्रेम करत. त्यांचा स्नेह लाभलेल्या माणसांची संख्या त्यामुळे मोठी होती.

एवढे खात्रीचे ज्ञान असलेल्या माणसाला मुलगी असू नये. शेठना एकच होती. कमल तिचे नाव. सातवीपर्यंत शिकलेली, वडिलांसारखी ताठ, आणि त्यांच्याहून कमी बोलणारी. सारंगखेड्याच्या बाजूच्या एका गावातले स्थळ आले. घर बागायती, मुलगा शिकलेला. कमलला तो पसंत पडला, आणि तसे तिने आईला सांगितले. त्या काळी मुलीने होकार सांगायचा नसे. तो तिच्या गप्प बसण्यातून काढून घ्यायचा असे. त्यामुळे घरात या होकाराची बरीच चर्चा झाली.

मुलाची आई बोलणी करण्यासाठी स्वतः शेडवर आली. बरोबर पती होते. ते खुर्चीवर बसले आणि शेवटपर्यंत खुर्चीवरच होते, एवढेच त्यांच्याविषयी सांगता येते. बाईंनी देण्याघेण्याची काहीच अट घातली नाही. त्यांना आंदणात एक वस्तू हवी होती. शेगडी. खुद्द कारखानदाराच्या मुलीने शेगडी आणली नाही तर बिरादरीत लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेठ खूश झाले. खाटेएवढी देतो म्हणाले.

"पन काळी नको, याही," बाई होणाऱ्या व्याह्यांना म्हणाल्या. "नवी नवरीना संगे काळं लोखंड मन्हा घरमा येवाले नको."

शेठनी पाटीकडे बोट दाखवले नाही, हा त्यांचा संयम. तुमच्या घरात तवा काळाच असेल ना, असे त्यांनी विचारले. तवा आंदणात कोणी देते का, असे बाईंनी विचारले.

"मंगळसूत्रना मनी काळा ऱ्हातस का नही?" शेठ म्हणाले.

"त्या सोनामा ववेल शेतस. तुम्हनी शेगडी सोनामा ववा, मंग काळी बी चाली."

सोन्यात ओवलेल्या मण्यांपुढे शेठ वादात हरलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले. बाईंना जेवणाचा आग्रह झाला नाही. लाल शेगडी तयार झाली की निरोप पाठवा, मग तिथी पाहू, असे सांगून त्या गेल्या. पतीही उठले.

त्यानंतर बरेच दिवस लग्न अडून राहिले. शेठचे म्हणणे असे की रंग पहिल्या आचेत जाणार, मग वस्तू खोटी ठरणार, आणि आपल्या हातून खोटी वस्तू बाहेर जाणार नाही. हे ते मला सांगत, कामगारांना सांगत, रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या गाडीवानालाही त्यांनी एकदा थांबवून सांगितले. घरी सांगत नसत, कारण घरी ऐकून घेणारे कोणी उरले नव्हते. पत्नीने बोलणे सोडले होते. नातेवाइकांनी शेजारच्या गावातली दोन उदाहरणे काढली, ज्यांत बापाच्या हट्टापायी मुलगी घरात राहिली. दोन्ही खरी होती आणि दोन्ही शेठना ठाऊक होती.

एका दुपारी त्यांचा डबा घेऊन कमल शेडवर आली. एरवी डबा गडी आणी. तिने डबा ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभी राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्हले शेगडी देवानी शे का आंडेर देवानी शे?"

मुलीला तिकडे आंडेर म्हणतात. शेठ डबा उघडू लागले. ती उत्तरासाठी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारहून लाल रंगाचा डबा आला. शेठनी तो स्वतः लावला. कामगारांना हात लावू दिला नाही. कुंकवासारखी लाल, खाटेएवढी शेगडी उन्हात वाळत ठेवली तेव्हा रस्त्यावरची माणसे थांबून पाहू लागली. शेठ शेडच्या आत पाठ करून बसले होते. त्यांच्या धोतरावर लाल शिंतोडे होते.

लग्न उन्हाळ्यात झाले. शेठनी विहिणीला रंगाविषयी एक शब्द सांगितला नाही. मला मात्र म्हणाले, "पहिली आच लागू द्या, मास्तर. मंग देखू." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मुलीच्या लग्नाचाच असेल असे मी धरून चालतो.

मग ते वाट पाहू लागले. त्या गावाकडून जो येई त्याला पाणी मिळे आणि प्रश्न विचारला जाई. मुलगी कशी आहे, हा पहिला प्रश्न. शेगडी कशी आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ते ऐकत. दुसऱ्याच्या उत्तरासाठी पुढे झुकत.

"लालभडक शे, शेठ," प्रत्येक जण सांगे.

पाऊस आला, गेला. शेगडी लाल होती. शेठनी डब्यातला उरलेला रंग एका पत्र्यावर लावून तापवून पाहिला. तो काळा पडला. पुन्हा लावला, पुन्हा काळा पडला. ज्या माणसाने सुरतेच्या कंपनीला निरुत्तर केले होते, तो आता एकच पत्रा रोज भाजू लागला. कधी त्यांना वाटे की त्या घरात आच मंद ठेवतात, म्हणजे जावई कच्चे भरीत खातो. कधी वाटे की तापीच्या पाण्याने धुण्यात काही गुण असावा. कामगार मान खाली घालून काम करत. त्यांच्या हसण्याला दुसरी जागा नव्हती.

थंडी पडली तशी पत्रे येऊ लागली. व्यापारी लिहीत की आपल्या मुलीच्या घरी आहे तशी शेगडी पाठवावी. ती काळी पडत नाही हे आमच्या गिऱ्हाइकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. उत्तर काय लिहू, असे मी विचारले. शेठ म्हणाले, थांबा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला आम्ही दरवर्षी माल घेऊन जात असू. यात्रेत घोडे पाहायला माणसे येतात आणि शेगडी घेऊन जातात. घोडा परवडत नाही. त्या वर्षी दुकान कामगारांवर सोपवून शेठ मला म्हणाले की चला, जाऊन येऊ. कोठे, हे विचारण्याची गरज नव्हती.

व्याह्यांच्या दारात पोहोचताच शेठ रिवाजाप्रमाणे तडक मागल्या अंगणात गेले. तेथे वांगी भाजत होती. काळ्या शेगडीवर. आमच्याच कारखान्याची, लहान आकाराची. विहीणबाईंनी ती भावाकरवी आमच्याच दुकानातून नेली होती, असे नंतर कळले. कमल वांगी फिरवत होती. शेठनी शेगडीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांचे कोडे सुटले होते. लाल शेगडी पेटवलेलीच नव्हती.

आम्ही पडलो पुरुष, म्हणून आम्हांला सुचले नाही. पण घरातल्या बायकांच्या दृष्टीने हे उघडच होते. आंदणाची वस्तू वापरायची नसते. पितळेचे हंडे माळ्यावर राहतात, गादी गुंडाळून राहते. शेठना लोखंडाचे सारे माहीत होते. ज्या घरांत ते लोखंड जात होते, त्या घरांचे काही माहीत नव्हते.

"आते बोलस," शेठ म्हणाले आणि लाल शेगडी पेटवून दाखवण्यासाठी पुढच्या खोलीकडे निघाले. कमलने त्यांना वाटेत गाठले. मी दोन पावलांवर होतो, म्हणून मला ऐकू आले.

"आप्पा, पेटाडू नका. ह्या घरमा मन्हा मान त्या शेगडीवर शे. मोठी जेठानीना आंदनमा असं काहीच नही. सासूबाई येनार-जानार बठ्ठास्ले दखाडतस. ती काळी पडनी ते माले रोज ऐकनं पडी."

शेठ आत जाऊन बसले.

पुढच्या खोलीत बायका बसल्या होत्या, यात्रेला आलेल्या नात्यातल्या. लाल शेगडी दोन पाटांवर मांडलेली होती. वर विणलेला रुमाल, रुमालावर काचेचा पोपट आणि उभा आरसा. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींहून तिला जागा चांगली मिळाली होती. विहीणबाई तिची थोरवी सांगत होत्या. बसलेल्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने रुमालाचे टोक उचलून आत पाहिले. ती चुलीपुढे आयुष्य घालवलेली असावी.

"लाल ते शे," ती म्हणाली. "इस्तोपुढं टिकस का पन?"

विहीणबाई हरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"माले काय ईचारतीस? करनारा सोता बठेल शे. ईचार त्यास्ले." आणि शेठकडे वळून म्हणाल्या, "सांगा याही. तुम्ही म्हनत व्हतात का काळाशिवाय रंग नही."

म्हातारीच्या पिशवीत विड्यांबरोबर काड्याची पेटी होती. तिने ती काढून पुढे ठेवली. तिचा हेतू वाईट नव्हता. तिला फक्त खरे काय ते हवे होते. शेठनाही आयुष्यभर तेच हवे होते. समोर शेगडी, समोर पेटी, भरलेली खोली आणि शंका घेणारी साक्षीदार. असा योग पुन्हा आला नसता. दारात कमल ताटे घेऊन उभी होती. ती वडिलांकडे पाहत नव्हती. ताटांकडे पाहत होती.

शेठनी पेटी उचलली, म्हातारीच्या हातात परत दिली.

"टिकस," ते म्हणाले. "मी काळाना हट धरा, ते मन्हं चुकनं."

विहीणबाईंचा विजय संपूर्ण होता, म्हणून त्या लगेच उदार झाल्या. जेवताना त्यांनी शेठना आग्रहाने तिसऱ्यांदा भरीत वाढले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते उत्तम लागत होते. काळ्या शेगडीवर भाजले होते. शेठ सगळे जेवले. मग आम्ही गाडीने परतलो.

बातमी आमच्या आधी यात्रेत पोहोचली. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे बायकांची गर्दी झाली, आणि प्रत्येकीला लाल हवी होती. मी बाजूला जाऊन शेठना सुचवले की मागतात तर द्यावी. आंदणाला लाल आणि विस्तवाला काळी, एका घरात दोन शेगड्या जातील. व्यापारी म्हणून ही सूचना वाईट नव्हती, असे मला अजूनही वाटते.

"एक डाव खोटं बोलनू, ते पोरना करता," शेठ म्हणाले. "दुकानना करता नही."

मग ते दुकानाच्या पुढे जाऊन बसले. लाल मिळेल का, असे जिने विचारले तिला लाल नाही असे सांगत. का नाही, असेही त्या विचारत. नजरेचे, उष्णतेचे, ढिगांचे, काजळीचे, सरकारी नियमाचे, एकही कारण त्यांनी दिले नाही. कालच तर टिकतो म्हणालात, असे कोणी म्हटले की मान हलवत. मी एकदा खुलासा करण्यासाठी तोंड उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी मिटले. बायका आपसांत बोलू लागल्या. चांगला माल घरात ठेवतो, असे एक म्हणाली. दुसरी ते तोंडावर म्हणाली.

"सोतानी आंडेरले लाल दिधी, आनि लोकस्ले काळी."

"हा माय," शेठ म्हणाले. "मन्ही आंडेर शे ती."

बाई शेगडी न घेता गेली.